अकिलिसचा राग नेमका कधी शांत झाला?

(या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जसं आलं तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, फक्त अडखळणं तेवढं काढलंय. ऐकायचं असेल तर वर प्ले दाबा, बसमध्ये रेंज नसेल तर इथेच वाचा.)



आज सुरुवात एका दुखण्यापासून करू. क्रिकेटच्या बातम्यांत तुम्ही ऐकलं असेल, अमुक फास्ट बोलरला अकिलिस टेंडनची दुखापत झाली, आता तो काही महिने बाहेर. टाचेच्या वर, मागच्या बाजूला बोटांनी चाचपलं की दोरीसारखी जाड कंडरा लागते बघा, ती ही. तिला नाव मिळालं ग्रीक पुराणकथांमधल्या अकिलिस या योद्ध्यावरून. सगळं अंग अभेद्य, फक्त टाच कच्ची, अशी त्याची गोष्ट आपल्याला माहीत असते.

आता गंमत ऐका. अकिलिस ज्या महाकाव्याचा नायक आहे, त्या होमरच्या ‘इलियड’मध्ये ही टाचेची गोष्टच नाही! तो प्रसिद्ध लाकडी घोडा आठवतोय ना, पोटात सैनिक लपवलेला? त्याचा प्रसंगही यात येत नाही. ट्रॉय शहर जळताना दिसत नाही. हेलनला ट्रॉयला नेलं ते केव्हाच होऊन गेलंय. आणि अकिलिसचा मृत्यू? तो येणार हे सगळ्यांना माहीत आहे, पण काव्य त्याच्या आधीच संपतं.

मग उरतं काय? एका माणसाचा राग. काव्याचा अगदी पहिला शब्दच तो आहे, ‘मेनिस’. साधा चिडचिडेपणा म्हणजे मेनिस नव्हे. होमर हा शब्द मुख्यतः देवांच्या कोपासाठी वापरतो. माणसाचा राग इतका वाढला की त्याला देवांसाठीचा शब्द लागला, इथून गोष्ट सुरू होते.

आधी थोडी पार्श्वभूमी

‘इलियड’ची २४ पर्वं आहेत आणि ओळी १५ हजारांहून जास्त. अभ्यासक तिचा काळ साधारण इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या आसपासचा धरतात. होमर नावाचा एकच कवी होता का, यावर शतकानुशतकं वाद चालू आहेत. पण एक गोष्ट आपल्यासारख्या कानाने वाचणाऱ्यांना आवडेल. हे काव्य मुळात ऐकण्यासाठी होतं. १९३० च्या दशकात मिलमन पॅरी आणि त्याचा सहकारी अल्बर्ट लॉर्ड हे दोघे अमेरिकन अभ्यासक युगोस्लाव्हियात गेले आणि तिथल्या लोकगायकांचं गाणं त्यांनी रेकॉर्ड केलं. हे गायक हजारो ओळी गात होते, पण घोकून नाही. ठरलेली विशेषणं, ठरलेले वाक्यांचे साचे यांच्या आधारावर प्रत्येक वेळी नव्याने रचत. ‘इलियड’मध्ये अकिलिस सारखा ‘चपळ पायांचा’ का असतो, बसलेला असतानाही, त्याचं उत्तर इथे सापडतं. गाताना छंदात बसणारा तयार तुकडा आहे तो.

ट्रॉयची जागा म्हणून आज तुर्कस्तानच्या वायव्य भागातलं हिसारलिक दाखवतात. हाइनरिश श्लीमनने १८७० च्या दशकात तिथे मोठं खोदकाम केलं. काव्यातलं युद्ध तसंच घडलं का, हा वेगळा विषय, त्यावर कधीतरी स्वतंत्र भाग करू.

काव्य सुरू होतं तेव्हा ट्रॉयच्या वेढ्याचं दहावं वर्ष चालू आहे. आणि जे काही घडतं ते दोन महिन्यांपेक्षाही कमी काळात.

भांडण कशावरून झालं?

पहिल्याच प्रसंगात एक म्हातारा बाप येतो. क्रायसिस, अपोलो देवाचा पुजारी. त्याची मुलगी ग्रीकांनी लुटीत पकडून आणलीय आणि ती सरसेनापती अगामेम्नॉनच्या वाट्याला गेलीय. बाप भरपूर खंडणी घेऊन आलाय, मुलगी परत द्या म्हणतोय. सगळं सैन्य म्हणतं, द्या. अगामेम्नॉन त्याला धमकावून हाकलून देतो.

हा प्रसंग नीट लक्षात ठेवा बरं का. शेवटी लागणार आहे.

पुजारी अपोलोला साकडं घालतो आणि ग्रीक छावणीत रोगाची साथ पसरते. नऊ दिवस चिता जळत राहतात. दहाव्या दिवशी अकिलिस सभा बोलावतो. म्हणजे बघा, सुरुवातीला हा माणूस स्वतःसाठी भांडत नाहीये, लोक मरतायत म्हणून पुढे आलाय. मुलगी परत द्यावी लागणार हे स्पष्ट होतं. अगामेम्नॉन म्हणतो, ठीक आहे, देतो, पण मग माझा वाटा रिकामा राहणार. तर मी तुझी ब्रिसेइस घेणार.

अकिलिस तलवार उपसायला लागतो. अथेना देवी मागून येऊन त्याचे केस धरते, म्हणून थांबतो. पण तिथून तो उठतो तो थेट कोपभवनात! मी लढणार नाही. माझे लोकही लढणार नाहीत. आणि आई थेटिस, जी समुद्रातली देवता आहे, तिला तो सांगतो की झ्यूसकडे जा आणि काही काळ ट्रॉयवाल्यांना जिंकू दे. आपल्याच माणसांना मार पडू दे, म्हणजे त्यांना माझी किंमत कळेल.

इथे काव्याचा पहिला मोठा विषय येतो, मान. ग्रीक शब्द ‘तिमे’. आपण मान म्हणजे मनातली भावना समजतो. त्या समाजात मान डोळ्यांना दिसायचा, मोजता यायचा. लुटीतला वाटा, पंगतीतला मांसाचा चांगला तुकडा, बसायची जागा. सगळ्यांसमोर दिलेली वस्तू सगळ्यांसमोर काढून घेतली, म्हणजे अकिलिसच्या दृष्टीने भर चौकात त्याची पगडी उडवली.

पण एक मिनिट थांबू. ‘वस्तू’ म्हणालो मी. ब्रिसेइस वस्तू नाही. ती एक बाई आहे. तिचा नवरा आणि तीन भाऊ ज्या हल्ल्यात मारले गेले, त्याच हल्ल्यात तिला पकडून आणलंय आणि तिच्या नवऱ्याला मारणारा खुद्द अकिलिसच आहे. दोन पुरुष मानासाठी भांडतात आणि भांडणाचं कारण असलेली बाई पहिल्या १८ पर्वांत एक शब्दही बोलत नाही. १९ व्या पर्वात ती बोलते, तेव्हा ती एका मेलेल्या माणसासाठी रडत असते. त्या छावणीत तिच्याशी प्रेमाने वागणारा तेवढा एकच होता.

माफी न मागता दिलेल्या भेटी

नवव्या पर्वापर्यंत ग्रीकांची अवस्था वाईट झालीय. अगामेम्नॉन घाबरतो आणि यादी जाहीर करतो. सात तिवया, दहा माप सोनं, वीस हंडे, बारा शर्यतीचे घोडे, सात स्त्रिया, ब्रिसेइस परत, वर सात शहरं आणि स्वतःची मुलगी. ही ऑफर घेऊन तिघं जण अकिलिसकडे जातात. ओडिसियस, एजॅक्स आणि अकिलिसला लहानपणी मांडीवर खेळवलेला म्हातारा फिनिक्स.

एक बारीक गोष्ट सांगतो. अगामेम्नॉनने यादीच्या शेवटी एक वाक्य जोडलेलं असतं. मी मोठा राजा आहे, वयानेही मोठा आहे, तेव्हा त्याने माझ्यापुढे नमावं. ओडिसियस हुशार माणूस. तो अख्खी यादी जशीच्या तशी म्हणतो आणि हे वाक्य गुपचूप गिळतो. तरी अकिलिसला वास येतोच. भेटींचा ढीग आहे, पण ‘माझं चुकलं’ असं त्यात कुठेच नाही.

आणि मग तो असं काही बोलतो जे त्या जगात कुणी बोलत नव्हतं. गुरंढोरं लुटून मिळतात, तिवया आणि घोडे कमावता येतात, पण माणसाचा प्राण एकदा गेला की कुठल्या लुटीत परत मिळत नाही. आईने त्याला दोन वाटा सांगितल्यात. ट्रॉयमध्ये राहिला तर लवकर मरेल, पण कीर्ती कायम राहील. घरी गेला तर कीर्ती नाही, पण भरपूर जगेल. ही कीर्ती म्हणजे ‘क्लेओस’. शब्दशः, लोकांच्या कानावर पडत राहणारं नाव.

म्हणजे दुखावलेला मान घेऊन तंबूत बसलेल्या या माणसाने विचार करायला सुरुवात केलीय. शूर असो की भित्रा, दोघेही मरतात, मग हे सगळं कशासाठी? प्रश्न खरा आहे. अडचण एवढीच की त्याला या क्षणी दिसतो तो फक्त स्वतःचा प्राण. बाहेर मरणाऱ्यांचे प्राण अजून त्याच्या हिशेबात नाहीत.

तरी तो थोडा थोडा हलतो, हे नीट ऐकलं तर कळतं. ओडिसियसला म्हणतो, उद्या सकाळीच जहाजं घेऊन घरी निघतोय. फिनिक्सला म्हणतो, जायचं की नाही ते सकाळी ठरवू. एजॅक्सला म्हणतो, हेक्टर माझ्या जहाजांपर्यंत आला तर बघेन. तीन माणसं, तीन उत्तरं. तिसऱ्या उत्तरात तो घरी जाण्याचं बोलतही नाही. पण तंबूबाहेर काही येत नाही.

मधासारखा गोड

मग येतो पॅट्रोक्लस. अकिलिसचा जिवलग. १६ व्या पर्वात तो रडत येतो आणि म्हणतो, तुझे आईबाप माणसं नसणारच, तुला समुद्राने आणि कड्यांनी जन्म दिला असणार, इतकं तुझं मन कठोर आहे. तू येत नाहीस तर निदान तुझं चिलखत मला दे.

अकिलिस देतो. वर ताकीद देतो की जहाजांपासून शत्रूला हटवलंस की परत ये, शहराकडे जाऊ नकोस. पॅट्रोक्लस जातो, जिंकतो, भान विसरून पुढे जातो आणि हेक्टरच्या हातून मरतो.

बातमी आल्यावर अकिलिस दोन्ही मुठींनी राख डोक्यावर ओततो, धुळीत लोळतो. आई समुद्रातून वर येते आणि विचारते, झ्यूसने तुझं मागणं पूर्ण केलं ना? आणि हो, केलं. त्याने मागितलं होतं तसंच झालं. ग्रीकांना त्याची किंमत कळली. फक्त ती किंमत पॅट्रोक्लसने चुकवली.

इथे तो रागाबद्दल जे म्हणतो ते माझ्या डोक्यात कायम राहिलंय. त्याचा आशय असा की राग ठिबकणाऱ्या मधापेक्षा गोड लागतो आणि छातीत धुरासारखा पसरत जातो. हे खोटं आहे का सांगा? रुसून बसण्यात एक चव असते. आपण मनात भाषणं तयार करतो, समोरचा माफी मागतोय असं चित्र रंगवतो.

माझंच सांगतो. कॉलेजला असताना एका एकांकिकेच्या श्रेयावरून मित्राशी वाजलं. पोस्टरवर माझं नाव नव्हतं. ग्रुप सोडला, नंबर म्यूट केला. चूक त्याची होती, आजही मला तसंच वाटतं. दीड वर्ष बोललो नाही. त्या काळात त्याचे वडील गेले आणि मला ते तीन आठवड्यांनी, तिसऱ्याच कुणाच्या स्टेटसवरून कळलं. ज्यांच्या हातचे पोहे मी कितीतरी रविवारी खाल्ले होते, ते काका. भांडणात मी बरोबर होतो. पण त्या बरोबर असण्याचं पुढे काय करायचं ते मला कळेना.

राग संपत नाही, दिशा बदलतो

बऱ्याच जणांना वाटतं की पॅट्रोक्लस गेल्यावर अकिलिस सुधारतो. नाही! तो आणखी भयंकर होतो. अगामेम्नॉनशी पटकन समेट करतो, भेटींमध्ये त्याला रसच उरलेला नाही. सगळा राग आता हेक्टरकडे वळतो.

२१ व्या पर्वात ट्रॉयचा एक राजपुत्र, लायकेऑन, निःशस्त्र होऊन त्याचे गुडघे धरतो. पूर्वी अकिलिसने याच मुलाला पकडून, मारण्याऐवजी विकलं होतं. आता तो म्हणतो, पॅट्रोक्लस मेला, तो तुझ्यापेक्षा चांगला होता. मीही मरणार आहे. मग तूच कशाला रडतोस, मर. आणि मारतो. मरण सगळ्यांना आहे हे नवव्या पर्वातलं ज्ञान इथेही आहे. पण त्यातून दया येत नाहीये, क्रूरपणा येतोय.

आणि ज्याला तो शोधतोय तो हेक्टर कोण आहे? राक्षस नाही. सहाव्या पर्वात आपण त्याला घरच्या माणसात पाहिलंय. बाळ त्याच्या शिरस्त्राणावरचा तुरा बघून घाबरून रडतं, नवराबायको हसतात, तो शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि बाळाला उचलून घेतो. बायको अँड्रोमाकीचे वडील आणि सात भाऊ अकिलिसनेच मारलेत. ती म्हणते, आता माझे आईवडील, भाऊ, सगळं तूच आहेस. होमरची खासियत हीच. ग्रीक कवी, पण शत्रूचं घर आतून दाखवतो.

२२ व्या पर्वात अकिलिस हेक्टरला शहराभोवती तीनदा पळवतो. पळताना वाटेत धुणं धुवायच्या दगडी कुंड्या लागतात. शांततेच्या दिवसांत ट्रॉयच्या बायका तिथे कपडे धुवायच्या, एवढं सांगून कवी पुढे जातो. हेक्टर मरतो. अकिलिस त्याच्या पायांना भोकं पाडून, प्रेत रथाला बांधून फरफटत नेतो. तेव्हा घरात अँड्रोमाकी नवऱ्याच्या अंघोळीसाठी पाणी तापवायला सांगत असते.

जोनाथन शे नावाचे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करत. १९९४ मध्ये त्यांनी ‘अकिलिस इन व्हिएतनाम’ हे पुस्तक लिहिलं. त्यांना आपल्या रुग्णांच्या कहाण्यांत हाच क्रम दिसला. आधी वरिष्ठाने केलेला अन्याय, मग जिवलग साथीदाराचा मृत्यू, आणि मग कशाचीच पर्वा न करणारा बेभान संताप. जवळजवळ २७०० वर्षांपूर्वीच्या काव्यात हे सगळं ओळीने मांडलेलं होतं.

पुन्हा एक बाप येतो

बदला घेऊन झाला. मग शांत वाटलं का? अजिबात नाही. अकिलिसला झोप येत नाही. तो समुद्राकाठी फिरतो, रोज हेक्टरचं प्रेत पॅट्रोक्लसच्या थडग्याभोवती फरफटवतो. शेवटी देवांनाच ते बघवेना. झ्यूस थेटिसकडून निरोप पाठवतो की प्रेत परत दे. अकिलिस दोन ओळींत ‘बरं’ म्हणतो.

आणि रात्री ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम, खंडणी घेऊन, थेट त्याच्या तंबूत येतो. गुडघे धरतो. ज्या हातांनी त्याची इतकी मुलं मारली, त्याच हातांचं चुंबन घेतो. आणि पहिली गोष्ट काय म्हणतो? तुझ्या बापाची आठवण कर. तोही माझ्याच वयाचा आहे, तोही वाट बघत असेल.

पहिल्या पर्वातला म्हातारा बाप आठवला? तोही खंडणी घेऊन आला होता आणि त्याला हाकलून दिलं होतं. सगळं काव्य त्या नकाराने सुरू झालं. आता दुसरा बाप आलाय, जिवंत मुलगी मागायला नाही, मेलेला मुलगा मागायला.

अकिलिस त्याचा हात धरून त्याला हलकेच बाजूला करतो. आणि दोघंही रडतात. प्रायम हेक्टरसाठी. अकिलिस कधी बापासाठी, कधी पॅट्रोक्लससाठी. एकाच तंबूत, दोन शत्रू, वेगवेगळ्या माणसांसाठी.

काही जण म्हणतील, यात बदल कसला, देवाचा हुकूम होता. बरोबर, प्रेत द्यायचा हुकूम होता. पण म्हाताऱ्याला उठवून बसव असं कुणी सांगितलं नव्हतं. प्रेत बाजूला नेऊन धुवा, बापाला त्या अवस्थेत दिसू देऊ नका, हे त्याला स्वतःला सुचलं. धुतलेला देह त्याने स्वतःच्या हातांनी उचलून ठेवला. म्हाताऱ्याला आग्रह करून जेवायला घातलं. आणि विचारलं, अंत्यविधीला किती दिवस लागतील? प्रायम म्हणाला, अकरा. अकिलिस म्हणाला, तेवढे दिवस मी युद्ध थांबवतो.

मग तो बदलला का?

आजच्या सिरीजसारखा नाही. शेवटच्या भागात नायक एकदम शहाणा होतो, तसं इथे होत नाही. त्याच रात्री प्रायम जरा घाई करतो, तर अकिलिस गुरगुरतो, मला चिडवू नकोस, माझ्या हातून काहीतरी होईल. प्रेत त्याच्या नजरेआड धुवायला सांगण्याचं कारणही हेच आहे. बाप ते बघून चिडला तर आपलाही तोल जाईल, हे त्याला आता माहीत आहे. राग गेला नाहीये, पण राग कुठून येतो ते त्याला कळू लागलंय. पहिल्या पर्वात त्याला थांबवायला देवीला केस धरावे लागले होते. इथे तो स्वतःला धरतो.

युद्ध थांबत नाही. बाराव्या दिवशी पुन्हा लढाई होणार, तोही मरणार. मरण सगळ्यांना आहे, हे वाक्य तो तीनदा तीन प्रकारे वापरतो. आधी स्वतःचा जीव वाचवायला, मग दुसऱ्याचा घ्यायला आणि शेवटी दुसऱ्याचं दुःख समजून घ्यायला. वाढ म्हणायची तर ती ही.

आणि काव्य संपतं कुठे? अकिलिसच्या विजयावर नाही. हेक्टरच्या अंत्यविधीवर.

माझ्या त्या मित्राला मी शेवटी फोन केला. वादावर आम्ही आजही एकमत झालेलो नाही. त्या दिवशी फक्त काकांबद्दल बोललो, पोह्यांबद्दल. पाऊण तास.

तर मंडळी, ‘इलियड’ वाचायचं असेल तर एक सुचवतो. जहाजांची लांबलचक यादी असलेलं दुसरं पर्व सुरुवातीला बाजूला ठेवलं तरी चालेल. पर्व १, ६, ९, १६, २२ आणि २४ एवढी आधी वाचा, मग बाकीची. आणि जमलं तर मोठ्याने वाचा. ते कानांसाठीच आहे.

पुढच्या भागात ‘ओडिसी’. वीस वर्षं बाप घरी नाही, घर परक्यांनी भरलंय आणि पोरगा नुकता मोठा होतोय. त्या पोराची, टेलेमॅकसची गोष्ट. तोपर्यंत काळजी घ्या, आणि कुणाचा नंबर म्यूट करून ठेवला असेल तर एकदा बघा.

भेटूच!